पुण्याच्याच अक्षांशावरचा नाताळ : जमैका



डिसेंबर आला की आपल्या शाळांच्या फलकांवर कापसाचा बर्फ पडायला लागतो. हिरव्या घोटीव कागदाचं झाड, लाल टोपी, पांढरी दाढी आणि खाली कापूस. मीही कितीतरी वर्षं हेच करत आले. गेल्या वर्षी सहावीच्या मुलांना म्हटलं, नाताळचं चित्र काढा. एकूण एक वहीत बर्फ! आमच्या गावात बर्फ दिसतो तो फक्त जत्रेत, गोळेवाल्याच्या गाडीवर. पण मुलांनी चर्चच्या छपरावर, झाडावर, अगदी चित्रातल्या कुत्र्याच्या पाठीवरही तो पाडला होता.

मी विचारलं, "बर्फ नसेल तिथे नाताळ होत नाही का?"

वर्ग विचारात पडला. एकजण म्हणाला, "होतो बाई, गोव्यात होतो." दुसरा म्हणाला, "पण खरा नाही होत."

हा "खरा नाही" माझ्या डोक्यात राहिला. म्हणून त्या आठवड्यात जे शिकवलं ते इथे लिहिते आहे. कुणाला वर्गात वापरावंसं वाटलं तर वापरा. त्यातलं एक प्रकरण थोडं अवघड आहे, त्याबद्दल पुढे सांगतेच.

सुरुवात पृथ्वीगोलापासून केली. सहावीला अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं असतातच, तेवढीच उजळणी. पुणे साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या रेषेवर बोट ठेवायचं आणि बोट न उचलता पश्चिमेकडे सरकायचं. अरबी समुद्र, अरबस्तानचं वाळवंट, तांबडा समुद्र, मग सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया अशी अख्खी आफ्रिका, आणि मग अटलांटिक महासागर. तो संपता संपता बोटाखाली लहान लहान बेटं येतात. हा कॅरिबियन समुद्राचा भाग. तिथलं एक बेट जमैका. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं माँटेगो बे हे शहर जवळजवळ पुण्याच्याच रेषेवर आहे. राजधानी किंग्स्टन त्याहून अर्धा अंश खाली.

मुलांना ही गोष्ट फार आवडते. आपण बोट फिरवत अर्ध्याच्या जवळपास पृथ्वी ओलांडली तरी रेषा तीच! बेट केवढं? सुमारे 11 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. लोकसंख्या 28 लाखांच्या आसपास. हुसेन बोल्ट इथला, ख्रिस गेल इथला. ही दोन नावं घेतली की मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात.

मग प्रश्न: अक्षांश तोच, तर डिसेंबरात तिथे पुण्यासारखी थंडी पडते का? नाही पडत. पुण्यात पहाटे स्वेटर लागतो. किंग्स्टनला दिवसा 30 अंशांच्या आसपास आणि रात्रीही वीस-बावीस. चारी बाजूंनी उबदार समुद्र, त्यामुळे रात्रीसुद्धा हवा फारशी गार होत नाही. आपल्याकडे मुंबईला डिसेंबर जसा "येतो न येतो" तसंच. तरी डिसेंबरात ईशान्येकडून जरा गार, कोरडा वारा वाहू लागतो आणि त्याला जमैकातले लोक "ख्रिसमस ब्रीझ" म्हणतात, नाताळचा वारा. तो अंगाला लागला की सण जवळ आला. श्रावणातली उन्हं किंवा दिवाळीच्या आधीची ती पहाटेची थंडी आपल्याला जे सांगते, तेच हा वारा त्यांना सांगतो. मुलांना लिहायला हा छान विषय आहे: आपला सण जवळ आला हे तुम्हाला कशावरून कळतं? आमच्याकडे उत्तरं आली ती अशी: चिवड्याचा वास, आईची चिडचिड, आणि "मामाचा फोन".

जमैकात काय काय होतं? आधी घराची साफसफाई. नवे पडदे, रंगरंगोटी. गावाकडे अंगणातल्या झाडांच्या बुंध्यांना आणि वाटेच्या कडेच्या दगडांना चुना फासायची जुनी रीत आहे. लाल रंगवलेली लाकडी जमीन अर्ध्या नारळाच्या सोडणाने घासून घासून चमकवायची, हे काम घरातल्या मुलांच्या वाट्याला. (सोडण म्हणजे काय, हे वर्गातल्या तिघांनाच माहीत होतं. तेवढंच एक मराठी वाक्य वाढलं.) परदेशातल्या नातेवाइकांकडून बॅरल येतं. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण इंग्लंड, अमेरिका, कॅनडात कामाला गेलेली माणसं खरोखरच मोठ्या पिंपात कपडे, खेळणी, डबाबंद खाऊ भरून जहाजाने घरी पाठवतात. आई तिकडे, मूल आजीकडे, आणि मध्ये ते पिंप, अशी घरं जमैकात पुष्कळ आहेत.

24 डिसेंबरच्या रात्री भरतो तो ग्रँड मार्केट. नाव मोठं, पण मूळ आपल्या आठवडी बाजारासारखं. शहराच्या मुख्य रस्त्यांवर संध्याकाळपासून जी गर्दी होते ती पहाटेपर्यंत ओसरत नाही. मुलांना नवे कपडे घालून आणतात. फुगे, फी-फी नावाच्या पिपाण्या, स्टारलाइट म्हणजे आपली फुलबाजी. क्लॅपर नावाचे फटाकेही असत. रस्त्याच्या कडेला कढया, मोठमोठ्या स्पीकरवर रेगे चालीतली नाताळची गाणी. त्या रात्री लहान मुलांना जागायला परवानगी. सगळी खरेदी करायलाच येतात असंही नाही, बरेच नुसते हिंडायला आणि भेटायला येतात. पहाटे पाच-सहाला चर्चमध्ये प्रार्थना असते, म्हणजे कित्येक जण बाजारातून घरी जाऊन तोंड धुऊन थेट तिकडेच.

आता खाणं. इथे मी मुद्दाम थांबले, कारण इथेच आमच्या गावाची दोन ओळखीची झाडं भेटतात.

पहिलं सॉरेल. हे नाताळचं पेय. गडद लाल, आंबट-गोड, आल्याचा झणका असलेलं. मोठी माणसं त्यात रम घालतात, मुलांचं वेगळं काढून ठेवतात. सॉरेलशिवाय जमैकात नाताळ नाही. आणि ते बनतं कशाचं? लाल अंबाडीच्या बोंडांचं! आपण पाल्याची भाजी करतो, ताकातली किंवा कण्या घालून. त्याच झाडाला फूल गळल्यावर जी लाल, मांसल बोंडं येतात, त्यांचं विदर्भात सरबत करतात. तीच ही. झाड मूळचं आफ्रिकेतलं. बोंडं धरण्याची वेळ तिथेही नाताळाच्या आसपासची, म्हणून ते नाताळचं पेय झालं.

दुसरं गंगो पीज. जमैकात रविवारी नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि त्यात राजमा, असा "राइस अँड पीज" घरोघर होतो. नाताळाला मात्र राजमा नाही चालत, गंगोच हवेत, आणि तेही ताजे, हिरवे. थाइम, कांद्याची पात, एक अख्खी तिखट मिरची न फोडता वर ठेवायची. गंगो म्हणजे काय, हे मी फळ्यावर चित्र काढून विचारलं. शेंग बघताच वर्ग ओरडला, "तूर!" तूरच. आपल्याकडे डिसेंबरात हिरव्या तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातो, दाण्यांची आमटी करतो, त्याच दिवसांत तिकडे त्या नाताळच्या भातात पडतात. तूर मूळची भारतातली. इथून ती फार पूर्वी आफ्रिकेत गेली आणि आफ्रिकेतून अटलांटिकपार. काही ठिकाणी तिला काँगो पीज म्हणतात, गंगो हे नाव त्याच कुळातलं मानतात.

शिवाय अननसाच्या चकत्या आणि लवंगा टोचून भाजलेलं हॅम, करी गोट म्हणजे बोकडाचा रस्सा, आणि काळा नाताळचा केक. केकसाठी मनुका, बेदाणे, चेरी वगैरे सुकी फळं रममध्ये आणि गोड वाइनमध्ये महिनोन्‌महिने भिजत ठेवतात, काही घरांत तर बरणी वर्षभर भरलेलीच. रंग येतो तो जाळून काळ्या केलेल्या साखरेचा.

रस्त्यावर जॉनकनू निघतो. आता शहरातून तो कमी झालाय, सांस्कृतिक महोत्सवांत आणि हॉटेलांत जास्त दिसतो, पण गावाकडच्या आज्यांना त्याच्या आठवणी पक्क्या आहेत. बासरी आणि ढोल यांच्या तालावर सोंगं येतात. पिची पॅची हा अंगभर रंगीत चिंध्या लावलेला, गरगर उड्या मारणारा. घोडामुख्या, गाईच्या डोक्याचा, काटा घेतलेला सैतान, राजा आणि राणी, सगळ्यांना रांगेत ठेवणारा पोलीस. बेली वुमन म्हणजे पोट बांधून गरोदर बाईचं सोंग घेतलेला पुरुष, तालावर पोट हलवतो आणि लोक हसून लोळतात. सोंगाड्या मोठ्याने बोलत नाही, कारण आवाजावरून ओळख पटेल. लहान मुलं रडत आईच्या मागे लपतात. कोकणातल्या मुलांना इथे शिमग्यातला संकासूर आठवेल. आमच्याकडच्या मुलांना बहुरूपी आठवला.

इथपर्यंत तास मजेत गेला. मग एका मुलीनं हात वर केला. ती आजीजवळ राहते. आई-वडील दिवाळीनंतर उसाला गेलेले, ते उन्हाळ्यातच परत येणार. ती म्हणाली, "बाई, केकात रम, सरबतात रम, काळी साखर. एवढा ऊस तिथे कोण तोडतं?"

मी तो भाग दुसऱ्या दिवसासाठी ठेवला होता. तिनं तो एका वाक्यात काढला.

आता ते अवघड प्रकरण.

1655 मध्ये इंग्रजांनी जमैका स्पॅनिशांकडून घेतलं आणि पुढे बेटभर उसाचे मळे उभे केले. ऊस तोडायला, चरक चालवायला, काकवी उकळायला आफ्रिकेतून माणसं पकडून, विकत घेऊन, जहाजांत कोंबून आणली. मी वर्गात "गुलाम" हा शब्द शक्यतो टाळते, "गुलाम केलेली माणसं" म्हणते. पहिल्या शब्दाने असं वाटतं की ती माणसं जन्मतःच तशी होती. लांबलचक वाटतं खरं, पण मुलं चार दिवसांत तेच बोलायला लागतात.

या माणसांना मजुरी नव्हती. पण मळेवाल्याला त्यांना पोसायचा खर्चही नको होता. म्हणून त्यांना डोंगरउतारावर लहान लहान तुकडे दिले जात. रविवारी आणि काही शनिवारी आपापलं पिकवा आणि खा. त्या तुकड्यांवर सुरण-कणग्यांच्या जातीचे कंद, केळी, तूर, मिरच्या. उरलेलं रविवारी बाजारात नेऊन विकायचं. चार पैसे जमले की कापड घ्यायचं. जमैकातला बाजार मुळात या माणसांनी उभा केला. ग्रँड मार्केट हा त्याच रविवारच्या बाजाराचा नाताळातला मोठा अवतार. वर्षातून एकदा नवे कपडे, वर्षातून एकदा हातात स्वतःचे पैसे.

नाताळाला सुट्टी का? मळेवाले धार्मिक होते म्हणून, असं मुलांना वाटतं. तेही असेल. पण एक साधं कारण उसात आहे. ऊस तोडायचा हंगाम नाताळ आटोपला की सुरू होई आणि पुढे चार-पाच महिने चाले. त्या दिवसांत चरक रात्रीसुद्धा थांबत नसे. म्हणजे नाताळची सुट्टी ही वर्षातल्या सर्वांत कष्टाच्या काळाच्या उंबरठ्यावरची सुट्टी होती. हे मी सांगितल्यावर त्या मुलीनं मान हलवली. उचल घेऊन निघायच्या आधीची दिवाळी तिला ठाऊक आहे. (आपल्याकडची ऊसतोड आणि ती गुलामगिरी एक नव्हे, हे मी वर्गात स्पष्ट सांगितलं. तिचे आई-वडील विकलेले नाहीत. पण तिला जे कळलं ते बाकीच्यांना पुस्तकातून कळलं नसतं, हेही खरं.)

त्या मोजक्या दिवसांत ही माणसं काय करत? नाचत, गात, सोंगं काढत. हान्स स्लोन नावाचा एक डॉक्टर 1687 मध्ये जमैकाला गेला होता. सणाच्या नाचात ही माणसं कंबरेला गाईचं शेपूट बांधतात, असं त्यानं पाहून लिहून ठेवलं. 1774 मध्ये एडवर्ड लाँग या मळेवाल्यानं आपल्या इतिहासात नाताळातला मुखवट्याचा, डोक्यावर बैलाची शिंगं लावलेला नाच वर्णन केला आणि त्याला जॉन कनू हे नाव दिलं. नावाची व्युत्पत्ती अनेक जण अनेक तऱ्हेने लावतात, त्यात जायला नको. मुळं मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या मुखवट्यांच्या नाचांत आहेत आणि त्यांवर इंग्रजी नाटकातले राजा-राणी येऊन बसले. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्या साहेबाच्या अंगणात जाऊन त्याचीच नक्कल करायची आणि वर त्याच्याकडून पैसे मागायचे. मुखवटा असल्यामुळे कोण ते कळत नाही! मळेवाले हसत, बक्षिसी देत, आणि मनातून घाबरत. एवढी माणसं एकत्र, कामाविना, रात्रीची मोकळी. नाताळात पहारे वाढवले जात ते उगाच नव्हे.

आयझॅक मेंडिस बेलिसारिओ या किंग्स्टनच्या चित्रकारानं 1837-38 मध्ये या सोंगांची रंगीत चित्रं छापली. एकाच्या डोक्यावर तर आख्खं कागदाचं घर आहे, खिडक्या-दारांसकट. ही चित्रं आंतरजालावर सहज सापडतात, वर्गात नक्की दाखवा. आमच्या मुलांनी पुठ्ठ्याचं तसं घर केलं, ते मानेवर टिकेना, तेव्हा त्या नाचणाऱ्याबद्दलचा आदर एकदम वाढला.

याच सुट्टीत, 1831 साली, एक गोष्ट घडली.

सॅम्युएल शार्प, लोक त्याला सॅम शार्प म्हणत, हा माँटेगो बे इथला गुलाम केलेला माणूस. त्याला वाचता येत होतं. बॅप्टिस्ट चर्चमध्ये तो डीकन, म्हणजे मंडळीतला मान्य कार्यकर्ता होता. वर्तमानपत्रं मिळवून तो वाची आणि इतरांना सांगे. इंग्लंडमध्ये गुलामगिरी बंद करण्यावर जोराचा वाद चालू आहे, हे त्याला त्यातूनच कळलं. प्रार्थनेसाठी जमलेली माणसं प्रार्थना झाल्यावर मागे थांबत. तिथे त्यानं एक बेत मांडला: नाताळची सुट्टी संपली की कामावर जायचं नाही. मजुरी देणार असाल तर येतो, नाहीतर बसून राहतो. बायबलवर हात ठेवून शपथा झाल्या.

इथे मी मुलांना थांबवून विचारलं, नाताळच का? आमची ती मुलगी म्हणाली, "ऊस उभा आहे ना बाई. आता नाही तोडला तर वाळेल." वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

त्या वर्षी नाताळ रविवारी होता. मंगळवारी, 27 डिसेंबरच्या रात्री, सेंट जेम्स भागातल्या केन्सिंग्टन या डोंगरावरच्या मळ्याला आग लागली. ती दुरून दिसली, आणि मग एकामागून एक मळे पेटत गेले. शार्पच्या मनातला संप शांततेचा होता, पण तो तसा राहिला नाही. त्या वेळी बेटावर सुमारे तीन लाख माणसं गुलामगिरीत होती, त्यांतली साठ हजारांपर्यंत या उठावात उतरली असं इतिहासकार मानतात. सैन्यानं काही आठवड्यांत तो मोडून काढला. उठावात 14 गोरे मारले गेले. दुसऱ्या बाजूला लढाईत दोनशेच्या वर माणसं गेली आणि नंतर खटल्यांचं नाटक करून तीनशेहून अधिक जणांना मारण्यात आलं. शार्पला 23 मे 1832 रोजी माँटेगो बेच्या बाजारचौकात फाशी दिली.

पुढच्याच वर्षी, 1833 मध्ये, ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. कारणं अनेक होती, पण जमैकातल्या त्या नाताळानं संसदेला घाई करायला लावली हे बहुतेक इतिहासकारांना मान्य आहे. 1 ऑगस्ट 1834 पासून कायदा लागू झाला, तरी "उमेदवारी" या नावाखाली फुकटची कामं चालूच राहिली आणि पूर्ण सुटका झाली ती 1 ऑगस्ट 1838 ला. सरकारनं नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड वाटले. कुणाला? वर्गात सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, आणि ते चुकलं. भरपाई मालकांना मिळाली. ज्यांनी राबून मळे उभे केले त्यांना एक पेनीही नाही.

सुटकेनंतरही जॉनकनू सगळ्यांना आवडत नव्हताच. 1841 च्या नाताळात किंग्स्टनच्या महापौरांनी मिरवणुकीवर बंदी घातली आणि रस्त्यांवर दंगल झाली. स्वतंत्र झालेल्या माणसांना नाचायची परवानगी मागावी लागावी, हे त्यांना सहन झालं नसणार.

आणि मजुरी द्यावी लागू नये म्हणून, किंवा कमीत कमी द्यावी लागावी म्हणून, मळेवाल्यांनी नवी माणसं शोधली ती आपल्याकडे. 10 मे 1845 रोजी ब्लंडेल नावाचं जहाज हिंदुस्थानातले पहिले करारबद्ध मजूर घेऊन जमैकाच्या ओल्ड हार्बर बे बंदराला लागलं. 1917 पर्यंत सुमारे 36 हजार माणसं अशी गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली. नाताळच्या ताटातला तो करी गोट त्यांचा. गंमत बघा, भारतातली माणसं जमैकात पोचली तेव्हा भारतातली तूर तिथे आधीच पोचलेली होती, आफ्रिकेच्या वाटेनं.

हे सगळं सहावीला सांगावं का? शनिवारी एका पालकांचा फोन आला. नाताळ हा आनंदाचा सण, त्यात फाशी आणि जाळपोळ कशाला, मुलगा रात्री विचारत होता, असं ते म्हणाले. मला राग आला नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही वाटलं नाही. मी ओघात जास्त सांगून गेले होते. आकडे, फाशीचा चौक, हे सहावीला नको होतं. पुढच्या वेळी सहावीला संपाची शपथ, पेटलेला डोंगर आणि 1838 एवढंच सांगेन, बाकी आठवी-नववीला. पण नुसता केक, सोंगं आणि सरबत असा तास घ्यायला मात्र मी तयार नाही. त्या पालकांना मी हे सांगितलं. आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी त्यांनी विचारलं, "तो मुलगा म्हणतोय की आता तो चौक त्याच माणसाच्या नावाचा आहे, हे खरं का?" खरं आहे. ज्या बाजारचौकात फासावर चढवलं, त्याचं नाव आज सॅम शार्प स्क्वेअर आहे. जमैकानं 1975 मध्ये त्याला राष्ट्रवीर घोषित केलं. आणि डिसेंबरात त्या चौकात नाताळचं झाड उभं करून दिवे लावतात.

वर्गात करण्यासारखं एक काम सांगते आणि थांबते. आम्ही सॉरेल केलं, अर्थात बिनरमचं. त्या मुलीच्या आजीच्या बांधावर लाल अंबाडी होती, तिनं पिशवीभर बोंडं पाठवली. बोंडं धुवायची, आतली बियांची गाठ काढून टाकायची, फक्त लाल पाकळ्या घ्यायच्या. दोन वाट्या पाकळ्यांना बोटभर आलं ठेचून, दोन लवंगा, आणि वर सहा वाट्या उकळतं पाणी. झाकून रात्रभर ठेवायचं. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, फार आंबट असतं. सकाळी गाळून चवीप्रमाणे साखर घालायची. गूळ घातला तर रंग मळकट होतो, आम्ही करून पाहिलं. निम्म्या मुलांनी तोंडं वाकडी केली, निम्म्यांनी दुसरा पेला मागितला. उकडलेल्या तुरीच्या शेंगा मात्र एकही उरली नाही.

बिया फेकल्या नाहीत. कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवल्या आहेत. जूनमध्ये पाऊस झाला की शाळेच्या कुंपणालगत लावणार आहोत.